उतारावरची मूठ

“किक मारायला जाऊ नकोस,” नास्तासिया नूना म्हणाल्या. “मी मारून पाहिली. दगडावर पाय आपटावा तसं होतं.”

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, वाळल्या गवतावर, त्यांच्या नवऱ्याची, ओनोफ्रेईंची, मोटरसायकल आडवी पडली होती. छत्तीस दिवस पोलिसांच्या आवारात पडून आज सकाळी सुटली होती. हँडल एका अंगाला वळलेलं, पुढचा दिवा गेलेला, चेनमध्ये अजून ओढ्यातला पाला. ट्रॅक्टर नूना स्वतः चालवत आल्या होत्या. डोक्याला काळा रुमाल आणि पायांत नवऱ्याचेच रबरी बूट.

“ही कशाला आणलीत, नूना?”

“मेकॅनिककडे कशाला आणतात? जेवायला? होत असेल तर दुरुस्त कर. नसेल होत तर दुसरी कुठली घेऊ ते सांग. सेंट जॉर्जचा सण झाला की मेंढ्या चढवायच्या. मेंढवाड्यापर्यंत रोज चौदा किलोमीटर पायी जाऊ का मी?” त्यांनी ट्रॉलीचं फळकूट खाली पाडलं. “टू-स्ट्रोक घेऊ की फोर-स्ट्रोक? का ते चार चाकांचं घेऊ?”

नून आणि नूना म्हणजे आमच्या लग्नात माझ्या आणि राफिलाच्या मागे मेणबत्त्या धरून उभं राहिलेलं जोडपं. त्या दिवसापासून ते तुमचे दुसरे आईबाप होतात. सणाला पहिला पाव त्यांच्या घरी जातो, त्यांच्याआधी घास घ्यायचा नाही, आणि त्यांना काही शिकवायला जायचं नाही. ओनोफ्रेई माझ्याहून नऊच वर्षांनी मोठे, पण सत्तावीस वर्षांत मी त्यांच्यासमोर सिगारेट पेटवली नाही.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, हा प्रश्न मी तीस वर्षं ऐकतोय. आमच्या खोऱ्यात कुणाला गाडी घ्यायची झाली की आधी माझ्या गॅरेजच्या दारात येऊन टोपी काढतो. मुलीचं स्थळ बघताना विचारणार नाहीत इतक्या बारकाईनं लोक विचारतात, आणि मीही न कंटाळता सांगतो. आधी माणूस बघतो. गुडघे कसे आहेत, अंगात जोर किती, डोकं तापट आहे का, जायची वाट चढाची आहे की चिखलाची. फोर-स्ट्रोक जड असते, तिची किक उलटी बसली तर महिनाभर लंगडाल, पण ती स्वतःचं तेल पोटात बाळगते, आणि उतारावर पेट्रोलची मूठ सोडली की इंजिनच गाडीला मागून धरून ठेवतं. टू-स्ट्रोक हलकी. चिखलात पडली तर एकट्याला उचलता येते, चढावर बोकडासारखी उड्या मारत जाते. तिला तेल मात्र पेट्रोलमध्ये मिसळूनच पाजावं लागतं. पेट्रोल थांबलं की तेलही थांबलं. चार चाकांच्या त्या उघड्या मोटरसायकलीला सगळ्यांत सोपी समजतात. ती आडव्या उतारावर कलंडली की तीनशे किलो छातीवर येतात. तसल्या दोघांना मी खांदा दिला आहे.

हे सगळं मला पाठ आहे. तरी त्या दिवशी मी नुसता त्या वळलेल्या हँडलकडे बघत राहिलो.

“बोल की. बोळा कोंबल्यासारखा काय उभायस?”

“आधी ही उघडून बघतो,” मी म्हणालो.

“बघ. पण रविवारच्या आत. त्यांना जाऊन रविवारी चाळीस दिवस होतात, चाळिसाव्याचं जेवण आहे. जेवणं झाली की उर्साके आणि बाकीचे मेंढ्यावाले सांगणार, कळप माझ्याकडे ठेवायचा की पलीकडच्या खोऱ्यातल्या कुणाला द्यायचा ते.” त्यांनी खालचा ओठ दातांखाली धरला आणि सोडला. “लोक काय म्हणतात ते तुझ्या कानावर आलंच असेल. दारुड्याचं घर! एकवीस वर्षं सहाशे मेंढ्या सांभाळल्या आम्ही. कुणाचं कोकरू कधी कमी भरलं नाही, चीजच्या वाटणीवरून कधी शब्द वाढला नाही. आणि आता दारुड्याचं घर.”

“लोकांचं काय मनावर घेता, नूना.”

“घ्यावं लागतं. मेंढ्या लोकांच्या आहेत. प्यायले होते ते, मी कुठं नाही म्हणते? दोन पेले. पोलिसांच्या कागदावर आकडाच लिहिलाय. पण दोन पेले पोटात घेऊन तो माणूस त्या वाटेनं हजारदा उतरला असेल. मग त्याच दिवशी काय झालं रे?”

“जमीन गोठलेली होती,” मी म्हणालो आणि मोटरसायकल उतरवायला ट्रॉलीत चढलो. नूनांच्या तोंडाकडे बघणं मला जमलं नाही.

अकरा वर्षं ओनोफ्रेईंकडे फोर-स्ट्रोक होती. मीच निवडून दिलेली, चांगली दणकट गाडी. गेल्या ऑक्टोबरात एका शनिवारी ते लंगडत आले आणि म्हणाले, “सेवेर, हा गुडघा आता माझं ऐकत नाही. ती गाभण गाय सकाळी उठवायला दहा किका मारतो. मला आता एखादी शेळी दे.” माझ्याकडे शहरातल्या एका शर्यतवाल्याची टू-स्ट्रोक आली होती, जेमतेम दोन वर्षं वापरलेली. त्यांनी एका हातानं ती स्टँडवरून काढली, डाव्या पायानंसुद्धा किक मारून पाहिली, आणि लहान मुलासारखे हसले. माझी निवड बरोबरच होती. तो गुडघा आणि ते वय बघता मी आजही तीच गाडी दिली असती.

मी त्यांना मिश्रण समजावलं. पन्नास भाग पेट्रोलला एक भाग तेल, कॅनवर रेघ मारून दिली. प्लग कधी साफ करायचा ते सांगितलं. मग मला उतार आठवला.

टू-स्ट्रोकवर लांब उतार उतरताना मूठ पुरती सोडून चालत नाही. चाक इंजिनाला फिरवत राहतं, पण पेट्रोल जात नाही, म्हणजे तेलही जात नाही. कोरडा पिस्टन तापतो, फुगतो आणि चिकटतो, आणि मागचं चाक जागच्या जागी थांबतं. म्हणून थोड्या थोड्या वेळानं क्लच दाबायचा, मूठ जराशी पिळायची, इंजिनाला एक घोट पाजायचा. टू-स्ट्रोकवरच वाढलेल्या पोरांना हे सांगावं लागत नाही. अकरा वर्षं फोर-स्ट्रोक चालवलेल्या माणसाचा हात मात्र उतार दिसला की आपोआप मूठ सोडतो. ओनोफ्रेईंचा हात माझ्या चांगला ओळखीचा होता.

“नून, उतारावर जरा...” एवढं मी म्हणालो होतो.

“उतार?” त्यांनी कमरेवर हात ठेवले. “उतार तू मला शिकवणार? अरे, तुझ्या बापाचा पाय मोडला तेव्हा त्याला पाठुंगळीला घेऊन बर्फातून मी तोच उतार उतरलोय!”

म्हातारा उर्साके बाकावर बसून सगळं ऐकत होता. तो खो खो हसला. ओनोफ्रेई हसले, आणि मीही हसलो. मला डोंगराबद्दल काही सांगायचं नव्हतं, यंत्राबद्दल सांगायचं होतं. ते त्यांच्या लक्षात आलं नाही आणि मीही आणून दिलं नाही. आपल्या नूनला, तेही उर्साकेसमोर, पुन्हा टोकायचं कसं? नंतर कधीतरी सांगू म्हटलं. ते निघाले तेव्हा मी दारापर्यंत गेलो आणि म्हणालो, सांभाळून जा. हे तर मी सगळ्यांनाच म्हणतो.

हिवाळाभर वरची वाट बर्फानं बंद होती. खालच्या सपाटीवर गाडी मजेत पळत होती, आणि ते चर्चबाहेर मला हाक मारून सांगायचे, “शेळी झकास आहे हं!” मार्चच्या मध्याला वाट मोकळी झाली. मेंढवाड्याच्या छपराचं बर्फानं काय केलं ते बघायला ते वर गेले. येताना वनरक्षकाच्या चौकीत प्लमची दारू घेतली, दोन पेले, नेहमीसारखे. आणि राराऊ डोंगराच्या मागच्या बाजूनं, जिथं वाट सलग चार किलोमीटर खाली येते, तिथं उतरायला लागले.

ते खाली पोचलेच नाहीत, वाटेतल्या ओढ्यात सापडले. दुसऱ्या दिवशी गावातल्या माणसांबरोबर मीही तिथं गेलो. ओढ्याच्या वर, अर्धवट गोठलेल्या चिखलात, एक बारीक सरळ रेघ होती. पंचवीस-तीस पावलं लांब, कुठंही न तुटलेली. “प्यायलेला माणूस, घाबरून ब्रेक दाबून बसला,” कुणीतरी म्हणालं. मी त्या रेघेजवळ उभा होतो. ती कशाची आहे हे तिथं एकट्या मला कळलं होतं, आणि मी तोंड उघडलं नाही. पुढचे छत्तीस दिवसही उघडलं नाही. भित्रा होतो, दुसरं काय.

नूनांचा ट्रॅक्टर वळणाआड गेल्यावर मी हेडचे नट सैल केले. सिलिंडर सुटेना. लाकडाचा ठोकळा लावून चारी बाजूंनी ठोकत ठोकत तो वर काढला. पिस्टनवर सायलेन्सरच्या बाजूला उभे ओरखडे होते, नखानं सोलल्यासारखे, आणि त्याचा धातू वितळून सिलिंडरच्या आतल्या भिंतीला थापला गेला होता. टाकीच्या तळाशी थोडं पेट्रोल उरलं होतं. ते तळहातावर घेऊन बोटांनी चोळलं. बुळबुळीत लागलं. तेल अगदी मापात होतं. मी सांगितलेलं सगळं त्या माणसानं जसंच्या तसं केलं होतं.

तेव्हा मात्र मला रडू आलं. टायरच्या ढिगावर बसून मी चांगला हुंदके देऊन रडलो.

राफिला जेवायला बोलवायला आली. तिनं बाकावरचा पिस्टन बघितला. सत्तावीस वर्षं मेकॅनिकच्या घरात काढलेली बाई, तिला सांगावं लागलं नाही.

“चिकटलाय.”

“हो.”

“म्हणजे दारूनं नाही झालं.”

“नाही. माझ्यामुळे झालं. रविवारी सगळ्यांसमोर सांगणार आहे.”

ती दारातच उभी राहिली. “डोकं ठिकाणावर आहे का? अर्धं खोरं तुझ्या शब्दावर चढतं-उतरतं. उद्यापासून कोण येईल तुला विचारायला? आणि नूना? त्या तुझं तोंड तरी बघतील का?”

“नाही बघणार.”

“मग? सांगून नून परत येणार आहेत?”

“नून नाही यायचे. पण मेंढ्या राहतील. ते दारुडे नव्हते हे कळलं तर उर्साकेला कळप काढून घ्यायला तोंड राहणार नाही.”

राफिला आत आली आणि तिनं पिस्टन फडक्यात गुंडाळला. मग माझ्या शर्टाची बाही ओढून म्हणाली, “जेवून घे आधी. रविवारी धुतलेला शर्ट घाल.”

रविवारी प्रार्थना संपल्यावर नूनांच्या अंगणात फळ्या जोडून लांब टेबल मांडलं होतं. उकडलेले गोड गहू, वेणीचे पाव, प्रत्येक पावात एक मेणबत्ती. पाद्र्यांनी आशीर्वाद दिला आणि ते दुसऱ्या घरी गेले. मेंढ्यावाले जेवत राहिले, चौदा घरची चौदा माणसं, उर्साके मधल्या खुर्चीत. नूना एकसारख्या वाढत होत्या. वाडग्यात सूप कमी झालं की कुणाच्या नकळत पुन्हा भरलेलं असायचं. प्रत्येकाच्या मर्जीसाठी ती बाई त्या दिवशी धावत होती, आणि ते बघून मी चमचा खाली ठेवला.

मी उभा राहिलो. खिशातून फडकं काढून सोडलं आणि पिस्टन टेबलावर ठेवला.

“हा ओनोफ्रेई नूनच्या गाडीतला आहे,” मी म्हणालो. “उतारावर इंजिन जाम झालं आणि मागचं चाक अडकलं. चिखलातली रेघ तुम्ही सगळ्यांनी पाहिली, ती ब्रेकची नव्हती. टू-स्ट्रोकवर उतारात मूठ सोडायची नसते. हे सांगायचं काम माझं होतं. मी सांगितलं नाही. त्यांची चूक नव्हती आणि दारूचीही नव्हती. माझी होती.”

मग उर्साके जागचा उठला. काठी टेकत टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ आला, आणि दोन्ही हातांनी माझं डोकं धरून माझ्या कपाळाचा मुका घेतला.

“बघा रे,” तो बाकीच्यांना म्हणाला. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. “मेणबत्ती धरल्याचं असं फेडावं माणसानं. मेलेल्या नूनवरचा डाग पोरगा स्वतःच्या कपाळाला लावून घेतोय.”

“डाग नाही, उर्साके काका. खरं आहे ते. हे ओरखडे बघा.”

“बघितले. गाडी ओढ्यात उलटी पडली, तशीच घरघरत राहिली आणि जळाली. माझा पाण्याचा पंप असाच जळला होता.”

“पाण्यात पडून चालू राहिली असती तर पाणी आत ओढलं असतं. आत पाण्याचा थेंब नव्हता!”

“बस्स, बस्स. बैस खाली.”

“तुम्ही होतात त्या दिवशी!” माझा आवाज चढला. “बाकावर बसला होतात. मी म्हणालो, नून, उतारावर जरा... आणि तुम्ही हसलात. आठवतंय का?”

“आठवतंय तर.” त्यानं माझ्या खांद्यावर थोपटलं. “उतारावर जरा जपून, असंच सांगत होतास ना? निघतानाही सांभाळून जा म्हणालास, मी माझ्या कानांनी ऐकलं. तू सांगितलं होतंस, त्यानं ऐकलं नाही. तुझा काय दोष, बाळा?”

टेबलाभोवती माना हलल्या. कुणीतरी माझा पेला भरला. मी आणखी बोलत राहिलो, पेट्रोल, तेल, मूठ, क्लच, पण मी जितकं बोलत होतो तितकं ते माझ्याकडे जास्त मायेनं बघत होते. खोटं बोलून सुटलेली माणसं मी पाहिली आहेत. खरं बोलून असा सुटलेला मी एकटाच असेन.

मग उर्साके घसा खाकरून नूनांकडे वळला. कळप यंदा पलीकडच्या खोऱ्यात जाईल म्हणाला. नूनांबद्दल कुणाच्या मनात काही नाही, पण बाईमाणूस एकटी, आणि झालं ते झालं. दर पानगळीला त्यांच्या घरी चीजचा एक गोळा पोचेल. नूनांनी ऐकून घेतलं आणि त्याच्यापुढचा रिकामा वाडगा उचलला.

निघताना उर्साकेनं मला फाटकाशी गाठलं. “पुढच्या महिन्यात जावयाला एक गाडी घ्यायची आहे. टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, ते तूच सांगायचं. दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नाही.”

अंगण रिकामं झालं. राफिला आत भांडी आवरत होती. नूना पंपापाशी मोठ्या घंगाळ्यात ताटं घासत होत्या. मी जाऊन समोर उभा राहिलो. त्यांनी शिव्या द्याव्यात, ताट फेकून मारावं, असं मला फार वाटत होतं.

“त्यांना नाही पटलं,” त्या खाली बघतच म्हणाल्या. “मला पटलं.”

“नूना...”

“गाडी आणली त्या बुधवारीच कळलं होतं मला. तू माझ्याकडे बघत नव्हतास.” त्यांनी एक ताट पाण्यातून काढून बाजूला ठेवलं. “गाडीचं राहू दे आता. मला कुठलीच लागत नाही. पण एक सांग. काय करायला हवं होतं त्यांनी?”

“मूठ सोडायची नव्हती. अधूनमधून क्लच दाबून थोडी पिळायची होती.”

“तोंडानं नको. दाखव.”

मी हवेत दोन्ही मुठी धरल्या. डाव्या हाताची बोटं आत ओढली, उजवं मनगट किंचित वळवलं आणि सोडलं. मग डावी बोटं सैल केली.

त्या उभ्या राहिल्या. साबणाचे ओले हात तसेच पुढे धरले आणि माझ्यासारखं करून पाहिलं. मनगट उलट वळलं. “आपल्या अंगाकडे,” मी म्हणालो. दुसऱ्यांदा बरोबर जमलं.

“एवढंच?”

“एवढंच, नूना.”

“आणि हे सांगायला किती वेळ लागतो?”

“तुम्हाला आत्ता लागला तेवढा.”

त्यांनी मान हलवली. मग माझ्याकडे पाठ करून, राराऊकडे तोंड करून, त्या पुन्हा तेच करू लागल्या. बोटं आत, मनगट, बोटं सैल. बोटं आत, मनगट, बोटं सैल. साबणाचं पाणी कोपरांवरून त्या रबरी बुटांवर गळत होतं. राफिला दारात येऊन मला हाक मारून गेली, मी फाटकापर्यंत जाऊन मागे वळून पाहिलं, तरी त्या अजून उतरतच होत्या.